वारीचे फोटो चोरीला गेले आणि प्रदर्शन तोंडावर आलं, तर काय करायचं?

तू ‘ताई’ म्हणून लिहिलंस, म्हणून मीही अरे-तुरे करते. तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. गेली काही वर्षं तू ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांबरोबर चालत फोटो काढतोयस आणि त्यातले निवडक नेटवर टाकतोस. डोक्यावर तुळस घेतलेल्या एका आजींचा तुझा फोटो सांधेदुखीच्या तेलाच्या जाहिरातीत दिसला. दुसरा तुमच्याच तालुक्यात एका पुढाऱ्याच्या शुभेच्छांच्या फ्लेक्सवर झळकला. तिसऱ्यावर कुणीतरी अभंगाची ओळ चढवली, तुझं नाव कापलं आणि ‘सुप्रभात’ म्हणून तो गावोगाव फिरवला. येत्या हिवाळ्यात पुण्यात कलादालनाची तारीख मिळाली आहे आणि तुला वाटतंय, खातंच बंद करावं आणि नवं काम कुणाच्या नजरेलाच पडू देऊ नये.

खातं बंद करू नकोस. तुझ्याकडे आज जो भक्कम पुरावा आहे, त्यातला मोठा भाग त्या खात्यावर आहे: हा फोटो अमुक दिवशी तू लोकांना दाखवलास आणि लोकांनी त्याखाली तेव्हाच लिहिलं, याची तारखेनिशी नोंद. खातं उडवलंस तरी चोराकडची प्रत तशीच राहते, जाते ती तुझी नोंद. नेटवर काय ठेवायचं आणि भिंतीसाठी काय राखायचं, हे मात्र आता विचार करून ठरवायला हवं. त्याकडे येतेच, पण आधी तेलाची जाहिरात.

त्या जाहिरातीखाली अजून काही लिहिलं नसशील तर लिहू नकोस. राग येणारच, मला नुसतं वाचून आला. पण आधी बोभाटा झाला की पोस्ट उडते आणि मग ‘आम्ही असं काही वापरलंच नव्हतं’ असं उत्तर येतं. आधी पुरावा गोळा कर. स्क्रीनशॉट काढताना पत्त्याची पट्टी, तारीख आणि पानाचं नाव दिसू दे. त्या पानाची प्रत वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती साठवणाऱ्या संकेतस्थळावर) जतन होते का बघ, म्हणजे त्रयस्थाकडे तारीख पडते. फेसबुक-इन्स्टाग्रामवर सध्या पैसे देऊन चालवलेल्या जाहिराती मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत शोधता येतात आणि जाहिरात कधी सुरू झाली तेही तिथे कळतं. फोटो बाटलीच्या खोक्यावर छापला असेल तर दुकानातून एक बाटली विकत घे आणि पक्कं बिल माग. नेटवरची गोष्ट एका रात्रीत नाहीशी होते, पण विकलं गेलेलं खोकं परत बोलावता येत नाही.

तुझ्या बाजूचा पुरावा म्हणजे रॉ फाइल, कॅमेऱ्यातून निघालेली मूळ कच्ची फाइल, आणि तिच्या आधीच्या-नंतरच्या फ्रेमही. ज्याने नेटवरून जेपेग उचललं, त्याच्याकडे आजींनी पदर सावरला ती फ्रेम नसते आणि पुढच्या क्षणी मध्ये आलेला टाळकरीही नसतो. त्या सलग दहाबारा फ्रेम समोर ठेवल्या की वाद फारसा उरत नाही. म्हणून कार्ड रिकामं करताना ‘वाया गेलेल्या’ फ्रेम पुसायची सवय असेल तर सोड. मूळ फाइलला हात लावू नकोस, रंग वगैरे जे करायचं ते प्रतीवर कर. प्रकरण कोर्टात गेलंच तर भारतीय साक्ष्य अधिनियम २०२३च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइलवरून निघणारी तिची अंकी ओळखखूण, नोंदवायचं असतं. ते वकील करून देतील, पण मूळ फाइल जशीच्या तशी राखणं तुझ्याच हातात आहे.

कायदा तुझ्या बाजूने आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात छायाचित्र ही कलाकृती आहे आणि ते काढणारा माणूस तिचा कर्ता. फोटो निघाला तेव्हाच हक्क आला, नोंदणीची सक्ती नाही. नोंदणी केलीस तर कोर्टात ती सकृतदर्शनी पुरावा मानली जाते. एका कलाकृतीची फी ५०० रुपये आहे, वस्तूंवर वापरायची असेल तर २,०००. सगळ्या संग्रहाची नोंदणी करत बसू नकोस, पण ज्या दोनचार फ्रेम पुन्हा पुन्हा उचलल्या जातात त्यांची करून टाक. २०१२च्या दुरुस्तीआधी छायाचित्रावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकायचा. आता तो चित्रकार-लेखकांसारखाच हयातभर आणि मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. एक अपवाद ध्यानात ठेव. कुणी मोबदला देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतले किंवा नोकरीचा भाग म्हणून तू काढलेस, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी सहसा त्यांची होते. वारीत तू पदरमोड करून चाललास, म्हणून आज तो प्रश्न नाही. उद्या एखादी संस्था ‘आमच्यासाठी काढा’ म्हणाली तर हक्क कुणाचा हे आधी कागदावर येऊ दे.

आता पावलं. प्रत्येक मोठ्या माध्यमावर कॉपीराइटच्या तक्रारीचा स्वतंत्र फॉर्म असतो, तो भर. नुसतं ‘रिपोर्ट’ दाबून भागत नाही. आपल्याकडच्या कायद्यातही तरतूद आहे: नियमाप्रमाणे लेखी तक्रार मिळाल्यावर मजकूर साठवणाऱ्याने ३६ तासांत तो बंद करायचा आणि २१ दिवस बंद ठेवायचा. तेवढ्यात कोर्टाचा आदेश आला नाही तर तो पुन्हा सुरू होऊ शकतो, म्हणून फॉर्म भरून गप्प बसायचं नसतं. त्याच आठवड्यात कंपनीला वकिलामार्फत नोटीस जाऊ दे. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६२ मुळे दावा तू राहतोस तिथल्या जिल्हा न्यायालयात लावता येतो. कंपनी इंदूरची असो की लुधियान्याची, तुला तिकडे खेटे घालावे लागत नाहीत. नोटिशीत हे लिहिलेलं असलं की समोरच्याचा सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे. त्याच कायद्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलिसांना थेट नोंदवून घेता येणारा, असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात स्पष्ट केलं. पोलीस ठाण्यात ‘हे दिवाणी आहे’ असं ऐकायला मिळालं तर निकालाची प्रत सोबत असू दे. दिवाणी दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे, पण तेवढी वाट बघण्यात काही शहाणपण नाही. मी वकील नाही. भरपाईचा आकडा ठरवायची वेळ आली की कॉपीराइटचं काम करणारा वकीलच गाठ.

तेलवाल्यांना ‘पैसे द्या आणि वापरत राहा’ असं म्हणू नकोस, कितीही देऊ केले तरी. इथे माझं मत ठाम आहे. फोटो तुझा आहे, पण चेहरा त्या आजींचा आहे. त्या ऊन-पावसात अडीचशे किलोमीटर चालत होत्या, डोक्यावर तुळस होती, आणि तू समोर आल्यावर त्यांनी तुला नाही म्हटलं नाही. ते नाही न म्हणणं वारीतल्या एका माणसाने वारीतल्या दुसऱ्या माणसावर टाकलेल्या विश्वासापुरतं होतं. त्यांचे गुडघे दुखतात आणि अमुक तेलाने बरे झाले, असं जगाला सांगायची परवानगी त्यांनी तुला दिली नव्हती, त्यामुळे ती विकण्याचा अधिकार तुलाही नाही. जाहिरातीत माणसाचा चेहरा त्याच्या संमतीशिवाय वापरणं हा खासगीपणाचा भंग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९४च्या राजगोपाल प्रकरणात म्हटलेलं आहे. त्या किंवा त्यांचे घरचे वेगळी तक्रार करू शकतात. नोटिशीत मागणी दोनच गोष्टींची कर: जाहिरात सगळीकडून काढणं आणि भरपाई.

आणि त्यांना शोध. हे अवघड वाटतं, पण वारीत तेवढं अवघड नाही. तुझ्या त्या दिवसाच्या इतर फ्रेममध्ये कुठेतरी दिंडीचा फलक किंवा ट्रकवरचा क्रमांक सापडेल. रथापुढची की रथामागची, कितव्या क्रमांकाची, एवढं कळलं की दिंडीप्रमुखांपर्यंत पोचता येतं. दिंडीत वर्षानुवर्षं तीच माणसं, त्याच गावातून येतात, विणेकऱ्याला प्रत्येकाचं घर ठाऊक असतं. जा, जाहिरातीचं सगळं खरं खरं सांग. प्रदर्शनात तो फोटो लावायचा असेल तर त्यांना छापील प्रत दाखवून विचार. नको म्हणाल्या तर तो भिंतीवर लावू नकोस, मग ती संग्रहातली सर्वांत चांगली फ्रेम असली तरी. यापुढे चेहरा मोठा येणाऱ्या प्रत्येक फोटोमागे नाव, गाव आणि दिंडी क्रमांक त्याच संध्याकाळी तळावर वहीत लिहायची सवय लाव. फोटोओळीला तर उपयोग होतोच, पण माणूस निनावी राहिला नाही की त्याचा फोटो ‘एक वारकरी वृद्धा’ म्हणून उचलणंही तितकं सोपं राहत नाही.

फ्लेक्सचं प्रकरण वेगळ्या मापाने घे. फ्लेक्स चार दिवसांत उतरतो. बहुतेक वेळा पुढाऱ्याला काही माहीत नसतं: कार्यकर्त्याने मजकूर पाठवलेला असतो आणि फ्लेक्सच्या दुकानातल्या डिझायनरने ‘वारी’ शोधून जो फोटो वर आला तो लावलेला असतो. फ्लेक्सचा फोटो काढ, कोपऱ्यात छापणाऱ्याचं नाव असतं ते टिप, दुकानात जाऊन शांतपणे बोल आणि तुझ्या दराने बिल पाठव. कधी पैसे मिळतात, कधी नाही. पण तालुक्यातल्या डिझायनरांना एकदा कळलं की या फोटोंना धनी आहे, तर पुढच्या आषाढीला दोघेतिघे आधी फोन करतात. यासाठी कोर्टाची पायरी चढण्यात तुझं वर्ष जाईल आणि काम राहील बाजूला.

बातम्यांचंही तसंच. ‘फोटो सौजन्य: इंटरनेट’ असं लिहून छापणाऱ्यांची मला मनापासून चीड आहे. इंटरनेट फोटो काढत नाही. चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी कायद्यात थोडी सूट आहे, पण पुरवणीच्या सजावटीला आणि कॅलेंडरला ती लागू होते असं मानू नकोस. संपादकांना पत्र लिही, नाव आणि मानधन दोन्ही माग. ‘नाव देतो की, अजून काय पाहिजे’ हे ऐकून घ्यायचं नाही. नाव हा तुझा कलम ५७ खालचा हक्कच आहे, मानधनाच्या बदल्यात मिळणारी वस्तू नाही. नावासाठीचं हे झगडणं जुनं आहे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला मुंबईत काम करू लागल्या तेव्हा त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावाने छापले जात. नाव किंवा मालकीची माहिती मुद्दाम काढून टाकणं हा २०१२ पासून कलम ६५ ब खाली स्वतंत्र गुन्हा आहे. ‘सुप्रभात’वाल्याने तुझं नाव कापलं ते त्यात बसू शकतं. मात्र तो फोटो शेकडो गटांत फिरला असणार. ज्या पानावरून सुरू झाला ते सापडलं तर तेवढं बंद कर आणि बाकीच्यांच्या मागे लागू नकोस. आत्या-मावश्यांनी भक्तिभावाने पुढे पाठवलेल्या फोटोवर शक्ती खर्च करण्यात अर्थ नाही.

आणखी एक. दिवे घाटातली नागमोडी वारी, नीरास्नान, बेलवाडीचं गोल रिंगण, धावणारा अश्व या जागांवर तुझ्या खांद्याला खांदा लावून बाकीचे फोटोग्राफरही असतात. त्यांची फ्रेम तुझ्यासारखी दिसली म्हणून ती चोरी ठरत नाही. विषयावर हक्क नसतो, प्रत्यक्ष काढलेल्या छायाचित्रावर असतो. तक्रार करण्याआधी ढगांचा आकार, झेंड्यांची जागा, माणसांची पावलं ताडून पाहा. खोटी तक्रार गेली तर एका सहकाऱ्याचं खातं अडकतं आणि तुझ्या खऱ्या तक्रारीचं वजन कमी होतं.

खातं का ठेवायचं, याची दोन उदाहरणं सांगते. रेबेक्का ग्वुदलेइफ्सदोत्तिर ही आइसलंडची कलाशाखेची विद्यार्थिनी फ्लिकर या फोटोंच्या संकेतस्थळावर स्वतःची छायाचित्रं टाकत असे आणि तिचा मोठा चाहतावर्ग होता. २००७ मध्ये तिला कळलं की लंडनचा एक विक्रेता तिच्या छायाचित्रांच्या प्रती दुसऱ्याच नावाने विकतो आहे. तिने ते जाहीरपणे लिहिलं. फ्लिकरने तिचंच लिखाण आणि त्याखालच्या साऱ्या प्रतिक्रिया काढून टाकल्या. त्यावर एवढा गदारोळ झाला की फ्लिकरला जाहीर माफी मागावी लागली. तिच्या बाजूने इतके लोक का उभे राहिले? कारण ते ही छायाचित्रं कित्येक महिने, एकामागून एक, तिच्याच पानावर बघत आले होते. ती लपून काम करत असती तर तिचं म्हणणं खरं मानायला कुणी नसतं.

दुसरं उदाहरण डॅनियल मोरेल यांचं. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला, तेव्हा तिथे असलेल्या या छायाचित्रकाराने ट्विटरवरून फोटो जगाला दाखवले. दुसऱ्याच एका माणसाने ते स्वतःचे म्हणून पुढे टाकले आणि एएफपी ही वृत्तसंस्था व गेटी ही छायाचित्रसंस्था यांच्यामार्फत ते जगभर गेले. ट्विटरवर टाकलं म्हणजे वापराची मुभा मिळाली, असा बचाव झाला. न्यूयॉर्कच्या न्यायालयाने तो मानला नाही आणि नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्यूरीने मोरेल यांना सुमारे १२ लाख डॉलर देवविले. अमेरिकेचा कायदा इथे जसाच्या तसा चालत नाही. पण ‘नेटवर टाकलं म्हणजे सगळ्यांचं झालं’ असं कुणी तोंडावर म्हटलं तर हे प्रकरण तुला माहीत असावं. अटी मान्य करताना तू त्या माध्यमाला फोटो दाखवण्याचा परवाना देतोस, रस्त्यावरच्या कुणालाही नाही.

लहान आकाराचे फोटो टाकले की चोरी थांबते, असं तुला कुणी सांगितलं असेल. अर्धवट खरं आहे. लांब बाजू १,२०० पिक्सेल असेल तर ३०० पीपीआयने (इंचाला ३०० पिक्सेल) छापील पुस्तकात तो जेमतेम चार इंच होतो, म्हणजे कॅलेंडर किंवा चांगली प्रिंट निघत नाही. पण फ्लेक्स लांबून बघायचा असतो, तिथे २५ पीपीआयही खपून जातं आणि त्याच १,२०० पिक्सेलचा चार फुटी फ्लेक्स होतो. मोबाइलवरच्या जाहिरातीला तर एवढा फोटो पुरून उरतो. म्हणून आकार लहान ठेव तो प्रिंट वाचवण्यासाठी, फ्लेक्स त्याने अडणार नाही. मोठा आडवा वॉटरमार्क मला आवडत नाही, फोटो बघायला आलेल्याचा त्याने अपमान होतो. कोपऱ्यातलं नाव कापलं जातं. त्याऐवजी नाव फ्रेमच्या आत, जिथे कापलं तर फोटोच बिघडेल अशा जागी, बारीक अक्षरात घाल. मेटाडेटात, म्हणजे फाइलच्या आत दडलेल्या माहितीत, आयपीटीसी या ठरलेल्या नमुन्याच्या रकान्यांत नाव, संपर्क आणि कॉपीराइटची ओळ भरून ठेव. बरीच समाजमाध्यमं ती पुसतात, पण तुझ्या स्वतःच्या संकेतस्थळावर ती टिकते आणि गूगलच्या चित्रशोधात दिसू शकते. स्वतःचं संकेतस्थळ, साधं का असेना, असू दे. महिन्यातून एकदा आपल्या दहा महत्त्वाच्या फ्रेम गूगल लेन्स आणि टिनआय या चित्रावरून शोध घेणाऱ्या साधनांवर टाकायच्या आणि त्या कुठे वापरल्या गेल्यात ते बघायचं. रोज शोधू नकोस, मन खराब होतं.

एआयबद्दलही विचारलंस. नेटवरच्या प्रतिमा गोळा करून मॉडेलं शिकवली गेली आहेत, लायन-५बी या एकाच संचात ५.८५ अब्ज प्रतिमांचे दुवे होते. शिकागो विद्यापीठाने ग्लेझ आणि नाइटशेड ही साधनं काढली, पण ती मुख्यतः चित्रकारांसाठी आहेत. आपल्यासारख्या माहितीपर काम करणाऱ्यांना खरा आधार रॉ फाइल, तारीख, जागा आणि माणसाचं नाव यांचाच. उद्या कुणी ‘हा फोटो तयार केलेला आहे’ असं म्हणालं, तरी हेच समोर ठेवावं लागेल.

आता प्रदर्शन. नवं काम आधी नेटवर टाकलं की लोक दालनात येत नाहीत, ही भीती मला पटत नाही. मात्र सगळं टाकलंस तर दालनात वेगळं काही उरत नाही, हेही खरं. माझा शिरस्ता असा: पाचसहा फ्रेम नेटवर, बाकी मालिका भिंतीवर. एकटा फोटो चोरता येतो, पण कोणत्या फोटोशेजारी कोणता, कुठे मोठा आणि कुठे छोटा, कुठे भिंत रिकामी, हे उचलून नेता येत नाही. छायाचित्रकार संदेश भंडारे यांचं तमाशावरचं आणि वारीवरचं काम बघ, किंवा सुधारक ओलवे यांचं मुंबईच्या सफाई कामगारांवरचं. त्यातली एखादी फ्रेम सुटी दिसली तर ती चांगली वाटते, पण ती सलग पाहिल्यावर माणूस गप्प होतो. तुझ्याकडे दिवे घाट आहे, पण तो सगळ्यांकडे आहे. तू पाठवलेल्या फोटोंमधले मला थांबवणारे फोटो वेगळे होते: पहाटे टँकरपाशी लागलेली बायकांची रांग, पायांच्या फोडांवर मलम लावणारा पोरगा, पालखी पुढे गेल्यावर रिकामा पडलेला तळ, परतीच्या एसटीत खिडकीशी झोपलेले टाळकरी. वारी संपल्यानंतरचं हे काम कुणी फारसं करत नाही. हेच तुझं प्रदर्शन आहे, आणि ते नेटवर नको. नेटवर लोकांना वारी ओळखू येईल असे फोटो ठेव. ते चोरीला गेले तरी प्रदर्शनाला धक्का लागणार नाही.

स्पर्धांपासून जप. काही स्पर्धांत अप्रकाशित कामाची अट असते, तिथे समाजमाध्यमावरचा फोटोही प्रकाशित धरला जाऊ शकतो. पण त्याहून वाईट अट आत दडलेली असते: ‘आलेली सर्व छायाचित्रं आयोजक कायमस्वरूपी, कुठेही, विनामोबदला वापरू शकतील.’ मी पाहिलेल्या कितीतरी छायाचित्रकारांचे फोटो चोरांनी कमी आणि अशा अर्जांनी जास्त नेले. कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला सोपवताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतात. म्हणून ‘कायमस्वरूपी’ आणि ‘जगभर’ हे शब्द मुद्दाम घातलेले असतात. ते दिसले की अर्ज बाजूला ठेव.

छपाईत घाई नको. तुझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा आहे, म्हणजे ६,००० × ४,००० पिक्सेल. त्यातून २० × ३० इंची प्रिंट २०० पीपीआयने निघते आणि दालनातल्या अंतरावरून ती उत्तम दिसते. त्याहून मोठी करण्याचा मोह सगळ्यांनाच होतो. दोनच कर, बाकी लहान. सगळ्या प्रिंट एकाच मापाच्या केल्यास तर भिंत लग्नाच्या अल्बमसारखी दिसते. वारीच्या ढगाळ उजेडाला मॅट कापूस कागद छान जातो, हानेम्युलेचा ३०८ जीएसएम फोटो रॅग किंवा त्या जातीचा, पिगमेंट शाईने. पण आधी प्रत्येक फोटोची छोटी पट्टी छापून घे आणि ती दालनातल्याच दिव्याखाली बघ. पुण्यातली बरीच दालनं पिवळट दिव्यांची आहेत, तिथे पांढरे सदरे आणि टोप्या पिवळ्या पडतात. काच प्रिंटला चिकटू देऊ नकोस, मध्ये अ‍ॅसिडमुक्त माउंटचं अंतर हवं. आपल्याकडच्या पावसाळ्यात चिकटलेल्या काचेमागे बुरशी धरते.

लॅबमध्ये एक गोष्ट कुणी सांगत नाही: तुझी पूर्ण आकाराची फाइल त्यांच्या संगणकावर तशीच पडून राहते. नेटवरचा लहान फोटो जपत बसायचं आणि खरी फाइल दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर सोडायची, यात अर्थ नाही. फाइल पेनड्राइव्हवरून दे, मेलने पाठवू नकोस, छपाई होताना तिथे बस आणि निघताना समोर पुसून घे. चांगला छापणारा याचा राग धरत नाही.

वर्तमानपत्रांना तीनच फोटो पाठव, २,००० पिक्सेलच्या आतले, फाइलच्या नावातच तुझं नाव आणि सोबत तयार फोटोओळ. तयार ओळ मिळाली की ती सहसा तशीच छापली जाते. दालनात लोक मोबाइलने फोटो काढतील, काढू दे. तू दिवसभर लोकांना अडवत बसलास तर बोलणार कधी? फक्त नावाची पाटी चौकटीच्या इतकी जवळ लाव की ती त्यांच्या फोटोत यावी.

विक्रीला ठेवणार असशील तर एडिशन आधी ठरव. एका मापाच्या किती प्रती, हे एकदा जाहीर केलं की नंतर बदलायचं नाही. प्रत्येक प्रिंटमागे पेन्सिलीने क्रमांक, सही, साल आणि कागदाचं नाव लिही, सोबत प्रमाणपत्र आणि पावती दे. पावतीवर स्पष्ट घाल की घेणाऱ्याने प्रत विकत घेतली आहे, पुनर्मुद्रणाचा हक्क तुझ्याकडेच आहे. नाहीतर एखादं हॉटेल एक प्रिंट घेतं आणि पुढच्या वर्षी तीच त्यांच्या माहितीपत्रकावर दिसते. विचारलं तर ‘आम्ही विकत घेतली होती ना’ म्हणतात, आणि बरेचदा ते खरंच तसं समजत असतात.

तेलाच्या कंपनीची नोटीस वकिलांनी तयार केली की मला पाठव, जाण्याआधी वाचून बघते. आणि निवड करताना सगळे फोटो पोस्टकार्डाच्या मापात छापून जमिनीवर पसर. पडद्यावर क्रम लागत नाही. पंधरा-वीस दिवस ते तसेच पसरलेले राहू दे, घरचे ओरडले तरी. बाविसाच्या वर जाऊ नकोस, तुझं दालन मी पाहिलं आहे, त्याच्या भिंती त्याहून जास्त पेलणार नाहीत.